मनगटाला धरलेली साखळी

धृती हा गुण मोठा मुखदुर्बळ आहे. शौर्याला रणांगण लाभते, दानाला याचक भेटतो, विद्येला सभा मिळते. पण नुसते धरून राहणाऱ्याला साक्षीदार मिळत नाही. छप्पर पेलणाऱ्या तुळईकडे आपण मान वर करून पाहतो ते ती करकरली तरच. धारण करणाऱ्याचे सामर्थ्य सुटण्याच्या क्षणी दृष्टीस पडते, आणि त्या क्षणी पाहणाऱ्याच्या मनात आदराआधी भय उपजते. इतकी वर्षे हे असे होते, आणि आपण त्याच्या सावलीत निर्धास्त झोपत होतो, असे ते भय असते.

एका वेल्डरच्या पत्नीला हे भय भर चौकात, दिवसाउजेडी, साऱ्या गल्लीच्या देखत भेटले. पुढे कितीतरी वर्षे ती तो प्रसंग सांगताना मध्येच थांबत असे आणि स्वतःच्या हाताकडे पाहत असे.

गल्ली त्या वेल्डरला ठिणगीमामा म्हणे, म्हणून पत्नी आपोआप मामी झाली. खाली लोखंडी शटरचे वर्कशॉप, वर दोन खोल्या, आणि दोहोंना जोडणारा जिना मामांनी स्वतः वेल्ड केलेला. या जिन्याची एकही पायरी कधी वाजली नाही, याचा त्यांना लेकीच्या गुणांपेक्षा अधिक अभिमान होता. गल्लीतल्या खिडक्यांच्या जाळ्या, गच्च्यांचे कठडे, शाळेचे फाटक, दुकानांच्या पाट्यांचे सांगाडे, सारे त्यांच्याच हातचे. त्यांचा जोड सुटल्याचे कोणी ऐकले नव्हते. बोलण्यात मात्र ते सैल होते. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणत, "लोखंडाशी भांडून उपयोग नाही. ते आपल्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसू शकतं."

अशा या सदाप्रसन्न गृहस्थाविषयी मामीच्या मनात एक जुना सल होता. लेक लहान होती तेव्हापासून मामा मामीला कधी हातात हात देत नसत. रस्ता ओलांडताना, गर्दीत शिरताना, दवाखान्याच्या बाकावर बसताना तिने आपला हात त्यांच्या तळव्याकडे नेला की ते सहजपणे आपला हात वळवत आणि तिच्या बोटांत मनगट सरकवत. पहिल्या पहिल्यांदा तिने विचारले, तेव्हा ते म्हणाले होते, "तळव्याची पार कानस झालीय. तुझी सालं निघतील." ती हसली होती. पुढे हसू ओसरले आणि प्रश्न उरला. मनुष्य चहाच्या कपाला हात लावतो, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवतो, आणि बायकोला तेवढे मनगट देतो, याचा अर्थ काय समजावा? तिची नणंद, जी शेजारच्याच गल्लीत राहत होती, या बाबतीत फारशी दिलासादायक नव्हती. ती म्हणे, "वहिनी, आमचा दादा म्हणजे लोखंडच. तापल्याशिवाय वाकायचा नाही. तुम्हीच तापवायला कमी पडलात."

थट्टाच होती ती; पण थट्टेचे कुसळ डोळ्यात गेले तरी डोळा लालच होतो.

अशात चौकात ते वाद्य उभे करायचे ठरले. चौकाच्या मधोमध एक जुना हौद होता, त्यात पाण्याऐवजी मोडक्या सायकली साठलेल्या असत. नगरपालिकेने तो बुजवला आणि त्या जागी काहीतरी सार्वजनिक, सुंदर असे करावे म्हणून एका शिल्पकार बाईंना बोलावले. बाई तरुण होत्या, उन्हाने रापलेल्या, आणि बोलताना समोरच्याचे नाव विसरत, पण काम विसरत नसत. त्यांनी कल्पना मांडली ती अशी. चौकाच्या दोन टोकांना दोन खांब. प्रत्येकावर तळव्याएवढी एक पितळी पट्टी. मध्ये उंच चौकटीत लहानमोठ्या नळ्या टांगलेल्या, आणि नळ्यांपाशी चिमुकल्या हातोड्या. एकाने एका खांबाच्या पट्टीवर हात ठेवायचा, शेवटच्याने दुसऱ्या खांबाच्या, आणि मधल्या सर्वांनी एकमेकांचे हात धरायचे. घड्याळाच्या सेलइतकी क्षीण वीज माणसामाणसांतून वाहत जाणार. ती पलीकडे पोचली की हातोड्या हलणार आणि नळ्या बोलू लागणार. कोणी हात घट्ट दाबला की सूर चढेल, सैल केला की उतरेल. एक जरी हात सुटला तरी सारे मुके.

"म्हणजे हे वाद्य आपणच," चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणाले. गल्ली त्यांना चष्मेवालेच म्हणे. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नाकावर चष्मा कधी टिकत नसे. दर चार वाक्यांमागे ते तो वर ढकलत.

"आपण म्हणजे तार," नणंद म्हणाली. "आणि माझ्या शेजारी कोण उभं राहणार ते आधी सांगा. हात घामेजणारा माणूस मला चालणार नाही."

खांब, चौकट आणि नळ्यांची टांगणी मामांकडे आली. वर्कशॉपमध्ये निळा उजेड दिवसचे दिवस उडत राहिला. बाई येऊन बसत, नळ्या ठोकून कान लावत; मामा वेल्डिंगच्या मुखवट्याच्या काळ्या काचेमागून म्हणत, "बाई, जोड नीट बसला की आवाज गुळगुळीत येतो. खरखर आली की समजायचं, आत पोकळ राहिलंय." बाई मान डोलवत. दोघांचे चांगले जमले.

संध्याकाळी चौकात खडूच्या रेघा आखून तालीम चाले. अजून खांब उभे नव्हते, तात्पुरत्या लाकडी दांड्यांवर पट्ट्या बांधल्या होत्या. गल्लीतली माणसे ओळीत उभी राहून, हातात हात घालून, कोणी केव्हा दाबायचे हे शिकत. बाईंनी एक साधी, संथ धून रचली होती. मामी रोज जाई. आणि रोज परतल्यावर एकच गोष्ट काढी.

"अहो, उद्घाटनाला तुम्हीही उभे राहा की."

"मी खांब उभे करतोय. खांबानं गाणं म्हणायचं नसतं."

"माझ्या शेजारी जागा ठेवते."

"ठेव. तिथं तुझी पिशवी ठेव."

तिने एकदा जरा जोर लावला, "चारचौघांत बायकोचा हात धरायची लाज वाटते का?" तेव्हा ते हसले नाहीत. "लाज कसली," एवढेच म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्या रात्री मामीने मनाशी ठरवले की या माणसाचा हात उद्घाटनाच्या दिवशी आपल्या हातात येईल तर येईल. नाहीतर हा विषय आयुष्यात पुन्हा काढायचा नाही. एवढे दिवस जे कळले नव्हते ते तिला त्या दिवशी कळून घ्यायचे होते: हा माणूस आपल्याविषयी काही जाणतो की नाही.

आता एक चूक झाली, आणि ती मामांच्याच हातून झाली. दुसऱ्या खांबाची बैठक गाडायला खणले, तर खाली गटाराची झाकणे निघाली. मामांनी कोणाला न विचारता खांब अडीच हात पलीकडे सरकवला आणि काँक्रीट ओतून मोकळे झाले. खडूच्या रेघा तोवर पुसल्या गेल्या होत्या. उद्घाटनाच्या दुपारी साऱ्यांनी हात पसरले, ओळ ताणली, चष्मेवाले पार चवड्यांवर आले, तरी शेवटचा माणूस खांबापर्यंत पोचेना.

"हा खांब चालत गेला की काय?" नणंदेने विचारले.

बाईंनी टेप लावली आणि मामांकडे पाहिले. मामांनी गटाराकडे पाहिले.

"मामा, मोजमाप तुमचं," चष्मेवाले म्हणाले, "आता भोगा तुम्हीच. या इकडं. एका माणसाची जागा आहे बरोबर."

गल्ली हसली. मामांना पळवाट राहिली नाही. अंगावर कामाचाच निळा सदरा होता. ते ओळीकडे आले, क्षणभर घुटमळले, आणि मामी व चष्मेवाले यांच्यामध्ये उभे राहिले. मामीने डावा हात पुढे केला, बोटे पसरून, तळवा उघडा. मामांनी आपला हात वळवला आणि तिच्या बोटांत मनगट दिले.

मामीने ते धरले. आत काहीतरी मिटल्यासारखे झाले. ठीक आहे, ती मनात म्हणाली. मिळाले उत्तर.

मामांचा दुसरा हात चष्मेवाल्यांनी धरला, चारचौघे धरतात तसा, तळव्यात तळवा घालून. शेवटच्या माणसाचा हात पट्टीवर टेकला आणि नळ्या बोलू लागल्या. आवाज आला तो किंचित दबका, पण आला. चौकाच्या कडेने उभ्या राहिलेल्या लोकांनी श्वास रोखला. मामांनी मान वर केली. त्यांची दृष्टी चौकटीवर, आपण जोडलेल्या एकेका सांध्यावर फिरू लागली; खरखर कुठे येते का हे ते ऐकत होते. धून पहिल्या वळणावर आली, दुसऱ्यावर आली, आणि मध्येच सारे थांबले.

"कोणाचा सुटला?" बाईंनी विचारले. "बघा, प्रत्येकानं आपापला हात बघा."

ओळीत चुळबुळ झाली. "माझा नाही." "माझाही नाही." "मी तर घट्ट धरलाय."

मामा अजून वरच पाहत होते. मोठ्या विश्वासाने म्हणाले, "आमच्याकडून पक्कं आहे. चष्मेवाल्यांचा हात मी सोडलेला नाही. पुढं बघा."

आणि त्यांचा डावा हात हवेत होता. बोटे वाकलेली, अंगठा वर मिटलेला, जणू आत दुसरा हात आहे. आत काही नव्हते. चष्मेवाले वीतभर दूर उभे होते. त्यांचा हात त्यांच्या स्वतःच्या चष्म्यावर होता.

प्रथम लोक हसले. ठिणगीमामांची थट्टा ठाऊक होती सर्वांना. नणंद म्हणाली, "दादा, वाऱ्याचा हात धरलास की काय?" मग मामांनी मान खाली केली. आपल्या मिटलेल्या, रिकाम्या मुठीकडे त्यांनी पाहिले, आणि त्यांचा चेहरा मामीने इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता असा झाला. हसू एका टोकाकडून विझत दुसऱ्या टोकाला गेले.

"मी सोडला होता हो," चष्मेवाले हळूच म्हणाले. "चष्मा घसरला म्हणून. मामा, तुम्हाला... तुम्हाला कळलं नाही?"

मामांनी मूठ हळूहळू उघडली आणि हात खाली सोडला. मामी दगडासारखी उभी होती. तिला समोरचे दिसत होते आणि त्याचा अर्थ लागत नव्हता, जसे परक्या घरात जाग आल्यावर क्षणभर भिंती कुठल्या हे उमजत नाही.

बाईंनीच धीर केला. "पुन्हा धरू या," त्या म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी हात पुढे केला, तळव्यापर्यंत नेला, आणि तिथे त्यांना धजवेना. ओशाळून त्यांनी हात वर सरकवला आणि मामांचे मनगट धरले.

"हां," मामा म्हणाले, अगदी हलक्या आवाजात. "आता कळलं."

ते तीन शब्द मामीच्या कानावर पडले. नळ्या पुन्हा बोलू लागल्या, मघापेक्षा भरून, मोकळ्या आवाजात. धून शेवटपर्यंत गेली, टाळ्या पडल्या, नगरपालिकेच्या साहेबांनी चार शब्द सांगितले. तिने यातले काही ऐकले नाही. तिची बोटे त्यांच्या मनगटावर होती, आणि बोटांखाली त्यांची नाडी शांतपणे चालली होती.

घरी आल्यावर तिने चहा केला, कारण दुसरे काही सुचले नाही. कप पुढे ठेवला. मामांनी नेहमीप्रमाणे आधी मनगटाची आतली बाजू कपाला लावली, मग कप उचलला. ही त्यांची लकब होती. तिने ती हजारदा पाहिली होती. पाहुण्यांसमोर तिची नक्कलही केली होती.

"कधीपासून?" तिने विचारले.

"काय कधीपासून?"

"अहो, आता तरी."

मामांनी कप खाली ठेवला. "लेक शाळेत जायला लागली तेव्हा बोटांच्या टोकांची जाणीव गेली. मग हळूहळू वर चढत आलं. आता इथवर." त्यांनी मनगटाच्या घडीवर बोटाने रेघ ओढली. "याच्या वर सगळं ठीक आहे."

"डॉक्टर?"

"एकदा गेलो होतो. म्हणाले, काम सोडा. मी डॉक्टर सोडले."

ती हसली नाही. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मशिनीजवळ जाऊ दिलं असतंस?"

"नाही."

"मग? खायचं काय, ठिणग्या?" त्यांनी कप थोडा बाजूला सरकवला. "डोळ्यांनी काम होतं. कानांनी होतं. जोड बरोबर आहे का हे बोटांना विचारावं लागत नाही."

"आणि मी हात पुढे केला की..."

"अगं, तळव्यात धरलास तर तू आहेस की नाहीस हे मला बघून ठरवावं लागतं. रस्ता ओलांडताना मी गाड्यांकडं बघू का तुझ्याकडं? इथं धरलंस की कळतं." आणि मग, जणू बिजागरीचा हिशेब समजावून सांगावा तसे म्हणाले, "म्हणून इथं."

वाचणाऱ्याला वाटेल की या उत्तराने तिचे समाधान झाले. तसे झाले नाही. समाधान पुढे कधीतरी, सावकाश आले. त्या संध्याकाळी तिला फक्त हादरा बसला. ज्याला तिने अंतर समजून उराशी कुढत धरले होते ते अंतर नव्हते, हे कळणे जितके गोड तितकेच भयंकर होते. ती एका माणसाच्या शेजारी झोपत होती आणि त्याचे हात कधीच निघून गेले होते, आणि तिला पत्ता नव्हता. लेकीला ताप आला की हा माणूस तिच्या कपाळाला गाल का लावी? शिवणाची सुई सापडत नसली की हा अनवाणी का शोधी? एकेक आठवण उठून समोर येऊ लागली आणि आपला अर्थ बदलून जाऊ लागली. तिला वाटले, आता मागचे एकही वर्ष जागेवर राहणार नाही.

तिने दिवा जवळ ओढला, त्यांचा डावा हात घेतला, आणि उताणा करून उघडला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्या तळव्याकडे असे पाहिले नव्हते. तो नेहमी वळलेला असे. जुन्या भाजण्याचे पांढरे व्रण एकावर एक चढले होते. करंगळीच्या मुळाशी एक ओली जखम होती, त्याच आठवड्यातली. अंगठ्याच्या मांसल भागात लोखंडाचा एक काळा कण रुतून बसला होता आणि त्याच्यावर कातडी वाढून तो आत पुरला गेला होता, झाडाच्या बुंध्यात जुना खिळा पुरला जावा तसा.

"हे काय आहे?"

मामांनी वाकून पाहिले. "अरे," ते म्हणाले. त्यांनाही ठाऊक नव्हते.

तेव्हा ती रडली.

गल्लीने त्या दिवसाचा धसका आपापल्या परीने घेतला. कोणी उघड बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जो तो आपल्या खिडकीची जाळी हलवून पाहत होता. नणंदेने आपल्या गच्चीचा कठडा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला, मग आपल्या दिराला हलवायला लावला. शाळेच्या मुख्याध्यापिकेने फाटकाला खांदा लावला. कुठे काही हलले नाही. हे कळल्यावर लोकांना हायसे वाटायला हवे होते. त्यांना अधिकच चमत्कारिक वाटले. चष्मेवाले बरेच दिवस वर्कशॉपसमोरून गेले नाहीत, पलीकडच्या बाजूने जात. शेवटी मामांनीच हाक मारली, "अहो, चष्मा नीट बसवून घ्या आधी कोणाकडून तरी. चांगला दुकानदार सांगू का?"

मामीने वर्कशॉप बंद करायला सांगितले नाही. तिने खाली एक स्टूल नेले आणि मशिनीच्या बाजूला मांडले. मामा काम करत तेव्हा ती काचेतून जोडाकडे बघत नसे. ती त्यांचे हात बघे. "थांबा," ती म्हणे, आणि ते थांबत. "तापलंय, तिथं नको." ते हात उचलत. पाण्याची बादली आणि पट्टीचा डबा स्टुलाखाली असे. नणंद येऊन म्हणाली, "वहिनी, मशिनीला नवीन स्विच बसवलेला दिसतोय." मामा म्हणाले, "हो. पण हा आपला आपणच चालू होतो." अशी काही वर्षे गेली. तो लोखंडी कण डॉक्टरांनी काढून दिला, तेव्हा मामांनी तो खिशात ठेवला. म्हणाले, आपलाच माल आहे.

चौकातल्या वाद्याचा लोकांना नाद लागला. सुटीच्या दिवशी, शाळा सुटल्यावर, पाहुणे आले की माणसे ओळ धरत. बाई दुसऱ्या कामाला निघून जाण्यापूर्वी म्हणाल्या होत्या की खांब उपटून मूळ जागी आणता येईल, फार खर्च येणार नाही. मामीने त्यांना नको म्हणून सांगितले. "राहू दे," ती म्हणाली. "एक माणूस जास्त लागतो, एवढंच ना?" ओळ धरताना ती आणि मामा शेजारी उभे राहत, दोन्ही बाजूंनी मामांना मनगटाला धरले जाई. मग त्यांच्या पलीकडचेही तसेच धरू लागले. कोणी ठरवले नव्हते. तळवा घामेजतो, निसटतो, मनगट निसटत नाही, असे कारण चष्मेवाले नवख्यांना देत.

शेवटच्या आजारात मामांना बोलता येईनासे झाले. मामी खाटेशी बसे, दोन बोटे त्यांच्या मनगटावर ठेवून. ती आहे की नाही हे त्यांना मान वळवून बघावे लागले नाही.

आता ते नाहीत, आणि मामीही नाही. वर्कशॉपच्या जागी औषधांचे दुकान आहे. जिना तोच आहे आणि वाजत नाही. चौकातले खांब जागच्या जागी आहेत, एक अडीच हात पलीकडे. गल्लीतली माणसे तिथे ओळ धरतात तेव्हा एकमेकांना मनगटाला धरतात. मुलांना वाटते की त्या वाद्याचा तसा नियमच आहे.